टॅब घ्यायचाय? ‘दोड्डदु बेका, सण्णदु बेका?’

दुधनीत सौदा मराठीत सुरू होतो आणि बघता बघता कानडीवर जातो, मग ती तूर असो नाहीतर टॅब. मोठा हवा की छोटा, हा प्रश्न साधारण तुरीची पट्टी खिशात पडली की निघतो. पोरगी दहावीला गेलेली असते, शेजारी टॅब आलेला असतो आणि घरात मतं मात्र माणसागणिक वेगळी असतात. एका बाजूला दहा-पंधरा हजारांतला पावणेनऊ इंची, दुसऱ्या बाजूला लाखाच्या पुढचा तेरा इंची. तेव्हा सोलापूरची किंवा उलट्या दिशेची कलबुर्गीची गाडी पकडण्याआधी ही थोडी करमणूक आणि थोडा हिशेब. नमुन्यादाखल सॅमसंगचा ८.७ इंची गॅलेक्सी टॅब ए-९ आणि ॲपलचा २०२४चा १३ इंची आयपॅड प्रो असे दोन गडी समोर धरू. आयपॅड प्रोची भारतातली किंमत आली तेव्हाच १,२९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. पेन्सिल आणि कीबोर्डचे पैसे वेगळे.

इंचाची चलाखी

टॅबचा इंच लांबीचा नसतो आणि रुंदीचाही नसतो, तो कर्णाचा असतो. म्हणून ८.७ आणि १३ हे आकडे ऐकून मोठा टॅब दीडपट वाटतो. क्षेत्रफळ काढलं तर छोट्याचं भरतं सुमारे ३३ चौरस इंच आणि मोठ्याचं ८१, म्हणजे जवळजवळ अडीचपट. किंमत मात्र आठ-दहा पट होते, तो हिशेब वेगळा.

दुसरी गंमत अशी की दोन टॅब ‘दहा इंची’ असले तरी सारखे नसतात. ४:३ या प्रमाणातला दहा इंची पडदा बरोबर ८ बाय ६ इंचांचा, म्हणजे ४८ चौरस इंच. पायथागोरसचं ६-८-१० हे त्रिकूट इथे आयतं सापडतं, पोरांना लगेच विचारून घ्या. तोच कर्ण १६:९ या सिनेमाच्या प्रमाणात बसवला तर पडदा लांबोडका होतो आणि क्षेत्रफळ जेमतेम ४३ चौरस इंचांवर येतं. पिक्चर बघायला लांबोडका बरा, पुस्तक वाचायला चौकोनी.

सातबारा किती बारीक दिसतो?

खरी परीक्षा इथे आहे. आपल्याकडे अभ्यासाचं आणि कामाचं बहुतेक सगळं पीडीएफमध्ये येतं. क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, सातबारा, शासन निर्णय, सगळं ए-४ कागदाच्या मापाचं. ए-४ची रुंदी २१० मिलिमीटर असते. ए-९ उभा धरला तर पडद्याची रुंदी भरते सुमारे ११३ मिलिमीटर. म्हणजे पान निम्म्यावर आलं आणि १२ पॉइंटचं अक्षर झालं साडेसहा पॉइंटचं, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर असतं तसं. तेरा इंचीची रुंदी १९८ मिलिमीटर, त्यावर तेच अक्षर सव्वाअकरा पॉइंटचं दिसतं. जवळजवळ छापील कागदच.

त्यात आपली लिपी पडली नखरेल. इंग्रजी अक्षर बारीक झालं तरी ओळखू येतं. देवनागरीचा अनुस्वार, रफार, ‘ट्ठ’सारखी जोडाक्षरं आणि कन्नडमधली खाली लटकणारी जोडाक्षरं बारीक झाली की डोळे बारीक करावे लागतात. शिवाय ए-९वर एका इंचात सुमारे १८० ठिपके बसतात, आयपॅड प्रोवर २६४. अक्षराच्या कडा कुठे गुळगुळीत दिसतील, हे त्यावरून ठरतं.

यावर फुकटचा उपाय आहे: छोटा टॅब आडवा धरा. रुंदी १९० मिलिमीटर मिळते आणि अक्षर जवळजवळ मूळ मापाचं होतं. फक्त एका वेळी पानाचा वरचा दोन-पंचमांश भागच दिसतो, बाकीचा बोटाने सरकवत बसायचं. गोष्ट वाचायला चालतं. भूमितीची आकृती वर आणि प्रश्न खाली असला की चिडचिड होते.

पुस्तक हातात, पडदा बाजूला

बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ची. स्टीव्ह जॉब्जने पहिला आयपॅड जगाला दाखवला तोही २७ जानेवारीलाच, २०१० साली. योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा! ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात आणि त्यात मराठीबरोबर कन्नड माध्यमाचीही पुस्तकं असतात. दुधनीच्या अक्कलकोट तालुक्यात ही गोष्ट बारीकसारीक नाही.

छापील पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामात आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले एक गुरुजी आघाडीवर होते: माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना देऊन टाकला. पुस्तक छापीलच असेल आणि टॅबवर फक्त कोडमागचा व्हिडिओ बघायचा असेल, तर तेरा इंचांची गरज काय? छोटा आरामात पुरतो.

बोटं घासायचा कागद

छोट्या टॅबची सगळ्यात झणझणीत टिंगल खुद्द जॉब्जने केली होती. ऑक्टोबर २०१०मध्ये त्याने असा टोमणा मारला की सात इंची टॅबसोबत पॉलिश पेपरही द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील. दोन वर्षांनी, २०१२ साली, ॲपलनेच ७.९ इंची आयपॅड मिनी बाजारात आणला. तोपर्यंत जॉब्ज हयात नव्हता.

तो गेला ५ ऑक्टोबर २०११ला. नेमकं त्याच तारखेला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा जगातला सर्वांत स्वस्त म्हणून गाजलेला सात इंची टॅब सादर केला होता. सरकारला तो सुमारे ५० डॉलरना पडत होता. २५६ एमबी रॅम, आणि पडदा असा की स्पर्शाने नाही, दाबल्यावरच ऐकायचा. पुढे प्रकल्पाची धुरा पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित ‘आकाश-२’ बाहेर पडला. त्यात रॅम दुप्पट होती आणि पडदा बोटाचं ऐकणारा. आज दहा हजारांतल्या साध्या टॅबमध्येही त्याच्या आठपट रॅम सहज मिळते, म्हणून ‘स्वस्त म्हणजे भंगार’ हे जुनं समीकरण आता जसंच्या तसं लावू नका.

वजन, वीज आणि मे महिना

२०१०चा पहिला ९.७ इंची आयपॅड ६८० ग्रॅमचा होता. आजचा तेरा इंची प्रो आहे ५७९ ग्रॅमचा आणि जेमतेम ५.१ मिलिमीटर जाड. ए-९ ३३२ ग्रॅमचा, पण जाडी ८ मिलिमीटर. म्हणजे स्वस्त टॅब हलका आणि महागडा बारीक! झोपून वाचणाऱ्यांनी ग्रॅम बघावेत. हातातून निसटून नाकावर पडतो तेव्हा मिलिमीटर कामाला येत नाहीत.

विजेचं म्हणाल तर मोठ्याची बॅटरी ३९ वॅट-तासांची, छोट्याची त्याच्या साधारण निम्मी. चार्जिंगमधली गळती धरूनही एका युनिटात मोठा टॅब वीसेक वेळा पूर्ण भरतो. बिल वाढलं तर संशय दुसऱ्या कुणावर घ्या.

उन्हाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं ॲपल स्वतः सांगतं. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडणं ही बातमीसुद्धा होत नाही. तापला की टॅब आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग सरळ संप. त्यात लाखाचा आणि दहा हजारांचा असा भेद नाही. गाडीच्या काचेमागे दोघांनाही ठेवू नका.

बांधावर कोण चालतो?

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि जागेची खूण जीपीएसवरून घ्यायची. आता ऐका: फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच, मग तो कितीही महाग असो. ते हवं तर सिमवालाच आयपॅड घ्यावा लागतो. बारा हजारांचा सिमवाला अँड्रॉइड टॅब बांधावर त्याला सहज मागे टाकतो. घेताना ‘सिम आहे का?’ हे पहिलं विचारा, रंग नंतर.

आणखी एक खोच. स्वस्त टॅबवर वेब सिरीज धूसर दिसत असेल तर दर वेळी दोष नेटचा नसतो. टॅबला ‘वाइडवाइन एल-वन’ प्रमाणपत्र नसेल, तर नेटफ्लिक्ससारखे मंच चित्र मुद्दाम हलक्या दर्जाचं पाठवतात.

मग घ्यायचा कोणता?

माझं मत विचाराल तर घरच्या वापराला, शेताला, क्यूआरच्या व्हिडिओंना छोटा सिमवाला पुरे. तेरा इंची त्यानेच घ्यावा, ज्याचं पोट चित्रकलेवर, आराखड्यांवर किंवा व्हिडिओच्या कामावर आहे. दहावी-बारावीच्या पोरांना दिवसभर पीडीएफ वाचायच्या असतील तर या दोन्हींच्या मधला, साध्या कंपनीचा दहा-अकरा इंची बघा. उरलेल्या पैशांत एखादी चांगली टेस्ट सिरीज येईल. दुकानात जाताना आपलीच एखादी पीडीएफ बरोबर न्या आणि तिथेच उघडून वाचा, दुकानदाराचा रंगीबेरंगी डेमो बघू नका. आणि मुलगा-मुलगी जेईई, नीट किंवा सीईटीच्या तयारीला लागली असेल आणि इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात बसत असेल, तर पैसे काढण्याआधी नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या योजनेची चौकशी करा. तिथे निवड झालेल्यांना टॅब आणि रोजचा डेटा मोफत दिला जातो.