खडकवासला ते सिंहगड : अस्सल खाण्याचा पत्ता

पुण्याच्या कोणत्याही महाविद्यालयात दोन-तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला सिंहगडची वाट शिकवावी लागत नाही. पहिला पाऊस पडला की वर्गातील मागची बाके ओस पडू लागतात, आणि प्राध्यापक मंडळीही हजेरीपुस्तक मिटताना एकदा खिडकीबाहेर पाहून घेतात. खडकवासल्याच्या धरणावर भाजलेले कणीस, गडावर पिठले-भाकरी आणि कवडी दही हा अभ्यासक्रम पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. त्या अभ्यासक्रमातील एकच प्रश्न येथे घ्यायचा आहे. आपण तेथे जे खातो ते खरोखर तेथले असते काय? आणि तेथलेच खायचे असेल तर ते कोठे व केव्हा मिळते?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सिंहगड रस्त्याने निघालो तर ‘अस्सल गावरान’, ‘घरगुती’, ‘चुलीवरचे’ असे फलक जागोजाग दिसतात. त्याच फलकाखाली पनीर आणि नूडल्स सुखाने नांदत असतात. खडकवासला गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गाव जसजसे शहर होत गेले तसतसे गावरानपणाचे फलक वाढत गेले, हा योगायोग म्हणायचा की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

वाटेत पहिला मुक्काम धरणाचा. मुठा नदीवरील हे दगडी धरण इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात उभे राहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने हे धरणही फोडले. पुण्यातील जुनी माणसे अजूनही काळाची मोजणी ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी करतात. धरण पुन्हा बांधले गेले. पुढे त्याच्या काठाला लोकांनी चौपाटी म्हणायला सुरुवात केली आणि चौपाटी म्हटल्यावर खाण्याच्या गाड्या ओघानेच आल्या.

येथील राजा म्हणजे कणीस. पण कणसा-कणसात फरक असतो. पिवळेधमक, टपोऱ्या दाण्यांचे ‘स्वीट कॉर्न’ आता सगळीकडे मिळते. त्याच्या दाण्यात साखरेचे पिठूळ द्रव्य होण्याची क्रिया जन्मतःच मंदावलेली असते, म्हणून ते चार दिवसांनीही गोड लागते. गावरान मक्याचे तसे नाही. कणीस ताटावरून उतरले की त्यातील गोडवा तासागणिक कमी होऊ लागतो आणि दाणा निबर होतो. म्हणूनच ते त्याच दिवशी, तोडल्या जागेच्या जवळ खाण्यात अर्थ आहे. त्याचा दाणा फिकट असतो, चावायला कष्ट पडतात, पण निखाऱ्यावर त्याला जो खरपूस वास सुटतो तो गोडमिट्ट कणसाला येत नाही. तेव्हा गाडीवर आधी पाने सोलून दाणा पाहावा, मग भाजायला सांगावे. विक्रेता रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून लिंबू जरा जास्तच पिळतो!

जाताजाता एवढे सांगतो, की मका मूळचा अमेरिका खंडातला, आणि कणसाला चोळायचे तिखट ज्या मिरचीचे, तीही तिकडचीच. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर ही मंडळी आपल्याकडे रुळली. धरणाकाठी तळलेली मासळी मिळते, त्यात रोहू-कटला असतील तर ते वंशाने गंगेच्या खोऱ्यातले. मूळ शोधत गेलो तर ताटात फारसे काही उरणार नाही. म्हणून अस्सल याचा अर्थ ‘येथे जन्मलेले’ असा घेऊ नये. येथील मातीत पिकलेले, त्या त्या ऋतूतले, आणि रांधणारी बाई स्वतःच्या घरीही जे खाते ते अस्सल, असे मी मानतो.

ही कसोटी लावली की सिंहगडच्या प्रसिद्ध पिठले-भाकरीची जरा पंचाईत होते. गडावर बहुधा पानात पडते ती ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. आता या डोंगराळ पट्ट्यात, विशेषतः पानशेत-वेल्ह्याकडच्या खोऱ्यांत, पाऊस भरपूर. खाचरात भात पिकतो, उतारावर नाचणी आणि वरई. ज्वारीला एवढे पाणी सोसत नाही. ती पूर्वेकडच्या कोरड्या, काळ्या जमिनीची, सोलापूर-मंगळवेढ्याची लेक. मावळातल्या कष्टकऱ्याच्या घरची जुनी भाकरी नाचणीची किंवा तांदळाची. ती आपल्याला फारशी दिसत नाही याचे कारण आपणच आहोत. शहरातून आलेल्या पाहुण्याला नाचणीचा काळपट रंग गरिबीचा वाटला, आणि विकणाऱ्याने पाहुण्याच्या आवडीची पांढरी भाकरी थापायला घेतली. आता डॉक्टर मंडळी नाचणीचे गुण सांगू लागल्यापासून तोच काळा रंग शहरात महाग झाला आहे!

पण म्हणून गडावरच्या पिठल्याला नावे ठेवायची नाहीत. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, लसूण, हिरवी मिरची, मोहरी-हळदीची फोडणी आणि उकळते पाणी, इतक्यावर उभा राहिलेला हा पदार्थ आयत्या वेळी केलेलाच खावा. निवाला की त्याचा गोळा होतो, आणि पुन्हा गरम केलेले पिठले जीभ ताबडतोब ओळखते. चांगल्या ठिकाणी आपण बसल्यावर कढई चुलीवर चढते. वीस मिनिटे थांबावे लागते. जेथे बसताक्षणी ताट समोर येते तेथे भूक भागेल, एवढेच. सोबतीला भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि खर्डा असतो. कांदाभजी मागवली तर ती खेकडा भजी आहे का ते पाहावे. तिच्यात पाणी घालत नाहीत. उभ्या चिरलेल्या कांद्याला मीठ लावले की त्याला सुटणाऱ्या पाण्यातच पीठ कालवतात. म्हणून ती खेकड्याच्या नांग्यांसारखी वेडीवाकडी होते आणि कुरकुरीत राहते.

गडावरच्या दह्याची कीर्ती मात्र सर्वस्वी रास्त आहे. म्हशीचे दूध तापवून, विरजण लावून ते लहान मडक्यांत ओततात. मातीच्या मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून दह्यातील पाणी झिरपते आणि बाहेर उडून जाते. त्यामुळे दही घट्ट होते आणि थंडही राहते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरची हवा त्याला आणखी मदत करते. चमच्याने कापले तर कवडी निघते, म्हणून नाव कवडी दही. प्लॅस्टिकच्या पेल्यातील दह्याला हे नाव देणे म्हणजे चेष्टा आहे.

आता या मडक्यामागच्या माणसांविषयी. गडावरची आणि पायथ्याच्या आतकरवाडी, गोळेवाडी, डोणजे या गावांतील कितीतरी कुटुंबे आपल्या या हौसेवर घर चालवतात. आतकरवाडीच्या पायवाटेने डोक्यावर दह्याची पाटी घेऊन चढणाऱ्या बाया पाहिल्या म्हणजे आपली धाप आपल्यालाच लाजवते. दुसरी बाजूही खरी आहे. गड म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या १६७० च्या पराक्रमाची भूमी. तेथे टपऱ्यांची दाटी आणि कचरा वाढावा हे कोणालाही रुचणार नाही. वनखात्याने गडावरील टपऱ्या हटवण्याच्या मोहिमा काढल्या, त्यांवरून बरीच वादावादीही झाली. माझे मत विचाराल तर भट्टी लावून चायनीज विकणारा आणि मडक्यात दही विकणारी बाई यांना एकाच मापाने मोजू नये. गडावर काय खपावे हे काही अंशी आपल्याच हातात आहे. आपण जे मागतो तेच वर चढवले जाते.

तेव्हा मागायचे काय? पावसाळ्यात पायथ्याच्या वाड्यांतील घराघरांत टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या शिजत असतात, पण फलकावर त्यांचे नाव सहसा नसते, कारण कोणी विचारीत नाही. विचारावे. शक्य तर आदल्या रविवारी सांगून ठेवावे, माणसे किती ते नक्की कळवावे, आणि भाकरी नाचणीची हवी हे आवर्जून सांगावे. रविवारच्या गर्दीत हे जमणे कठीण. आठवड्यातला मधला दिवस बरा, मग हजेरीचे काय ते ज्याचे त्याने पाहावे.

उन्हाळ्यात गडावर जाण्याचा उत्साह कोणाला नसतो. पण एप्रिल-मे महिन्यांत डोंगरउतारावरच्या जाळ्या करवंदांनी काळ्याभोर होतात, आणि वाटेवर बायका-मुले ती पानांच्या द्रोणांतून विकायला बसतात. त्यांना चूल लागत नाही, फलक लागत नाही. पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की करवंदे पाणचट होतात, म्हणून परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की लगेच निघावे. द्रोण सकाळी दहाच्या आत घ्यावा, आणि शर्ट पांढरा नसावा.