कारचा एसी : गॅस भरण्यापूर्वी गळती शोधा

बडनेरा - वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कारच्या एसीतील कॉम्प्रेसरवरचा दाबही वाढतो आणि दुबळा कॉम्प्रेसर नेमका याच दिवसांत दगा देतो. हवा गार येईनाशी झाली, की 'गॅस संपला' असे समजून तो भरून घेतला जातो. वस्तुतः हा गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. कॉम्प्रेसरचे वंगणतेलही गॅसबरोबरच फिरत असल्याने गळतीकडे दुर्लक्ष केल्यास कॉम्प्रेसर कोरडा पडून झिजतो.

एसी सुरू करताच खरखर होणे, क्लचची वारंवार टकटक, सांध्यांवर तेलकट डाग ही त्याची पूर्वलक्षणे होत. खरखर ऐकू येताच एसी बंद करावा. कॉम्प्रेसर जाम झाल्यास बेल्ट तुटू शकतो. अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालतो. अशा वेळी अकोल्याच्या वाटेवर भर उन्हात गाडीच थांबते. शिवाय धातूचा कीस नळ्यांत पसरला, तर केवळ कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. नळ्या धुऊन ड्रायरही बदलावा लागतो. म्हणून आधी गळती दुरुस्त करावी, मगच गॅस भरावा.