कोण कधी ‘पासआउट’?

‘तू कोणत्या बॅचचा पासआउट बे?’ नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर हा प्रश्न कुणालाच खटकत नाही. आपल्याकडे पासआउट म्हणजे पदवी हाती पडलेला; क्रियापदाचं आपण चक्क नामच करून टाकलं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र ‘पास आउट’चा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणं. (मे महिन्यात, पारा 45 वर असताना, नागपूरकरांनाही तोच आधी सुचावा!) प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हा अर्थ ब्रिटिश लष्करी इंग्रजीत आहेच, कामठीच्या एनसीसी ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ‘पासिंग आउट परेड’ होते ती याच अर्थाने. देशातल्या बायोडेटात ‘2019 पासआउट’ खुशाल चालतं. परदेशी अर्जात मात्र ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ असंच लिहा.