रजईचे काठ
ठिगळकामाच्या रजईच्या मध्यभागाभोवती जोडलेल्या कापडी पट्ट्या. काठामुळे मध्यभागातील आकृतिबंध उठून दिसतो, रजईचे आकारमान वाढविता येते आणि अनेक तुकड्यांच्या जोडकामातून आलेला थोडाफार वाकडेपणा सावरला जातो. कडेला शिवला जाणारा अरुंद गोट हा काठाहून वेगळा असतो. तो पृष्ठभाग, भरण व अस्तर या तिन्ही थरांच्या कडा झाकतो.

इंग्लंड व अमेरिका येथील अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील अनेक रजयांत मध्यवर्ती चौकोनाभोवती एकाबाहेर एक असे काठ आढळतात. कोरोमंडल किनाऱ्यावरून यूरोपात जाणाऱ्या चिटाच्या पलंगपोसांतही मध्यवर्ती वृक्ष व सभोवती काठ अशी रचना असे. बॉल्टिमोर येथील १८४०–५० च्या सुमाराच्या रजयांच्या काठांवर वेलबुट्टीचे कातरजोडकाम दिसते, तर पेनसिल्व्हेनियातील आमिश पंथीयांच्या रजयांचे काठ रुंद व एकरंगी असतात.

मोजमाप : काठाची लांबी मध्यभागाच्या कडेवरून कधीही ठरवीत नाहीत. हाताळणीमुळे, तसेच कडेला उरेब कापलेले तुकडे असल्यास, कड ताणली जाते. त्यामुळे इस्त्री केलेला मध्यभाग सपाट पसरून त्याच्या मधून व दोन्ही कडांपासून थोडे आत अशी तीन मापे घेतात. त्यांत किरकोळ फरक असल्यास सरासरी धरतात. फरक मोठा असल्यास आधी जोडकामातील दोष दुरुस्त करतात. मधले माप २०० सेंमी. व कडेचे २०३ सेंमी. असताना २०३ सेंमी. लांबीचा काठ लावल्यास जादा ३ सेंमी. कापडाच्या लाटा उठतात. काठ आखूड पडल्यास मध्यभाग फुगतो. हे दोष भरण घालून टाके घातल्यावर सहसा जात नाहीत; उलट तेथे चुण्या पडतात आणि अनेक महिन्यांचे काम बिघडते. पट्ट्या शक्यतो ताण्याच्या दिशेने कापतात, कारण त्या दिशेने कापड कमी ताणले जाते.

जोडणी : प्रथम दोन्ही उभे काठ जोडतात. पट्टी व मध्यभागाची कड या दोहोंचे मध्यबिंदू व चतुर्थांश बिंदू यांवर खुणा करून त्या टाचण्यांनी जुळवितात आणि उरलेला फरक खुणांच्या दरम्यान सारखा विभागतात. यंत्राचे दाते खालचा थर किंचित अधिक वेगाने पुढे सरकवितात, म्हणून सैल थर खाली ठेवणे सोयीचे असते. शिवण दाबून झाल्यावर आडव्या काठांसाठी रुंदी नव्याने मोजतात. उदा., मध्यभागाची रुंदी १५० सेंमी., पट्टीची रुंदी १५ सेंमी. व प्रत्येक कडेची माया ६ मिमी. असल्यास उभे काठ लावल्यावर एकूण रुंदी १७७·६ सेंमी. होते, आडव्या पट्ट्या तेवढ्याच लांबीच्या कापतात.

कोपऱ्यावर ४५ अंशांचा तिरकस जोड हवा असल्यास पट्टीची लांबी बाजूचे माप, काठाच्या रुंदीची दुप्पट आणि वर काही सेंमी. इतकी ठेवतात. चारही शिवणी कोपऱ्याच्या मायेइतक्या अलीकडे थांबवून नंतर तिरकस शिवण घालतात. पट्टेदार वा वेलबुट्टीच्या काठास हा जोड विशेष शोभतो.

महाराष्ट्रातील गोधडीत जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवतात. तेथे लुगड्याचाच काठ पुष्कळदा कडेसाठी उपयोगात आणला जातो. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत शिवण कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने आत सरकते. पाया आधीच ठरलेल्या आकाराचा असल्याने स्वतंत्र काठ मोजून लावण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कवंदीच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना ‘फुला’ म्हणतात आणि त्यांवाचून कवंदी पूर्ण झाली असे मानीत नाहीत.