असोद्याचा शिपाई कागदांत शोधताना

खानदेशातल्या कित्येक घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं : ‘आमचा आजा लढाईवर गेला होता.’ कोणती लढाई, कोणती पलटण, कुठला मुलूख, असं पुढे विचारलं की गोष्ट थांबते. कुणी बसरा म्हणतं, कुणी ब्रह्मदेश. जळगावला लागून असलेल्या असोद्यासारख्या गावातून अशा पूर्वजाचा माग काढायचा असेल, तर दिल्ली-लंडनची अभिलेखागारं नंतर. पहिला पुरावा बहुधा घरातल्या जुन्या पेटीत असतो.

बिल्ल्याची कड वाचा

पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं. खेचरवाले, स्वयंपाकी, भिस्ती अशा सोबतच्या माणसांना तेच पदक काशाचं दिलं गेलं. म्हणजे धातूवरूनही आजोबांचं काम कळू शकतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना तारे कोरे मिळाले. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र नाव-नंबर कोरून दिले गेले. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार या नावांतच लढाईचा मुलूख आहे. चांदीचं पदक मोडीत गेलं असेल, तर डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक किंवा जुनी मनिऑर्डरची पावती शोधावी. या साऱ्यांत सर्वांत मोलाचा तो नंबर. एकाच नावाचे अनेक शिपाई असत. नंबर आणि पलटण जुळली की माणूस पक्का होतो.

पलटणींची नावं पुढे बदलली, हेही ध्यानात ठेवावं लागतं. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. पदकावर १०५ दिसलं, तर त्या पलटणीचा वारसा आज ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या मराठा बटालियनकडे आहे. महार रेजिमेंट मात्र १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. त्याआधीची १११ वी महार पलटण पहिल्या महायुद्धानंतर मोडली गेली होती.

जळगाव नव्हे, पूर्व खानदेश

शोध फसतो तो बहुधा गावाच्या पत्त्यावर. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. १९६० पर्यंत आजच्या जळगाव जिल्ह्याचं सरकारी नाव ‘पूर्व खानदेश’ होतं. त्यामुळे महायुद्धांच्या कागदांत असोद्याच्या माणसापुढे जिल्हा म्हणून जळगाव शोधू नये. शिवाय वऱ्हाडातलं जळगाव जामोद वेगळं. नुसतं ‘जळगाव’ वाचून उडी मारली तर भलत्याच माणसाला आपला पूर्वज करून बसू. कारकुनांनी इंग्रजीत गावाचं नाव असोदा, आसोदा, असोदे असं कानाला पडेल तसं लिहिलेलं असू शकतं, म्हणून सगळी रूपं तपासावीत. आडनाव नसण्याचीही तयारी ठेवावी. अनेकदा शिपायाचं आणि त्याच्या बापाचं नाव एवढीच नोंद असते. बापाच्या नावाचा पडताळा शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा जन्म-मृत्यूच्या जुन्या ‘गाव नमुना चौदा’त मिळू शकतो. नोंद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणारा जाणकार गाठावा.

जे परतले नाहीत

लढाईत मेलेल्यांचा शोध तुलनेने सोपा. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. त्या इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, म्हणून तिथे ‘खानदेश’ हा शब्द टाकून पाहावा.

पण या नोंदींतही अन्याय आहे. मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथल्या कूत शहरात त्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला आणि उपासमारीनंतर सुमारे १३ हजार जण कैद झाले. त्या मोहिमेचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथल्या भिंतींवर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा आहे. नावं वेगळ्या वहीत ठेवली गेली. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशी अहवालात ही असमानता मान्य केली आणि माफी मागितली.

जे परतले

पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. म्हणजे बहुतेक परतले, आणि त्यांची नावं कोणत्याही स्मारकावर नाहीत. त्यांच्यासाठी रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस गाठावं लागतं : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. वारसाने नाव, नंबर, पलटण आणि नात्याचा पुरावा जोडून अर्ज करावा. शिपायाच्या ‘शीट रोल’मध्ये भरतीची तारीख, गाव, बदल्या अशा नोंदी असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावं. विधवेला मानधन मिळत असेल, तर तिच्या फायलीत नंबर असू शकतो. माजी सैनिक म्हणून जमीन मिळाली असेल, तर तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत.

पलटण कळली, की तिचा दिनक्रम ‘वॉर डायरी’त वाचता येतो. पहिल्या महायुद्धाच्या या डायऱ्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भारतातले लष्करी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यांतले बरेच ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचित येतं, पण त्या तारखेला पलटण कुठल्या नदीकाठी होती, हे कळतं.

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ओव्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये त्या छापल्या गेल्या. त्याच पिढीतले बहुतेक शिपाईही निरक्षर होते. त्यांचं बोलणं उतरवून घेणारं घरात कुणी नव्हतं. उरलं ते पलटणीच्या कारकुनाने लिहिलं तेवढंच.

दुसरं महायुद्ध पाहिलेली माणसं आता जवळपास राहिली नाहीत. त्यांची मुलं म्हातारी झाली आहेत. म्हणून घरात पदक असेल तर ते विकू नका, कड घासून चकचकीत करू नका, आधी फोटो काढा. नाव, बापाचं नाव, नंबर आणि पलटण एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत गावच्या शाळेत, एक ग्रामपंचायतीत द्या. असोद्याने आपल्या शिपायांची अशी एक वही केली, तर शेजारच्या गावांनाही ती करता येईल.