पोटात नळी घातली, मग ऑपरेशन कधी?

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. पित्ताचा खडा नळीत अडकला, किंवा दारू फार झाली, की ते सुजतं. पोटातली कळ पाठीत जाते. अन्न पचवायचा रस आतच काम करायला लागतो आणि काहींच्या स्वादुपिंडाचा भाग मरतो. त्यात जंतू शिरले की पू होतो, ताप हटत नाही. हे दुखणं जिवावरचं आहे.

अशा वेळी घरच्यांना वाटतं, पोट उघडून घाण काढून टाका. पूर्वी तसंच करत. पण सुरुवातीला मेलेला भाग जिवंत भागाला चिकटलेला असतो, ओढायला गेलं की रक्त सुटतं. साधारण ४ आठवड्यांनी त्याच्याभोवती जाड कवच धरतं. म्हणून पेशंटची तब्येत साथ देत असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देऊन थांबतात. ही टाळाटाळ नव्हे. ‘काहीच करत नाहीत’ म्हणून पेशंटला घरी आणणं फार महागात पडतं. तब्येत खालावली तर ते आधीही नळी घालतात.

नळी ही पहिली पायरी. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत, शक्यतो डाव्या कुशीतून ती घालतात, पू पिशवीत येतो. नाहीतर तोंडातून दुर्बीण जठरात नेतात, जठराच्या मागच्या भिंतीतून वाट करतात आणि पू जठरात उतरवतात. एवढ्यानं भागलं नाही तरच लहान छेदातून किंवा दुर्बिणीनं मेलेला भाग काढतात.

नेदरलँड्समध्ये ८८ पेशंटांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पायरीपायरीनं गेलेल्यांपैकी शेकडा ३५ जणांना नुसती नळीच पुरली. थेट पोट उघडलेल्यांत शेकडा ६९ जणांना मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला, पायरीच्या गटात शेकडा ४०. मृत्यू मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. नळी म्हणजे जादू नव्हे.

ती कित्येक आठवडे राहू शकते. कूस बदलताना ओढली जाऊ देऊ नका. पिशवी कमरेच्या खाली ठेवा. रोज किती पडलं, रंग कसा, ते वहीत लिहा. येणं एकदम थांबून ताप चढला, किंवा पिशवीत लाल रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.