सल्ल्याची वेळ आणि मात्रा : पूल खेळातील मार्गदर्शनाचा विचार

कडेगावपासून कराडपर्यंतच्या मुलखात खेळातील गुरू म्हटला की तालमीतील वस्ताद डोळ्यांपुढे उभा राहतो. हौद्याच्या कडेला बसून तो पोरांची लढत न्याहाळतो आणि मध्येच एखादा शब्द टाकतो. त्या शब्दाने मल्लाची चूक नेमकी कशी सुधारते, हे कुस्तीत उलगडणे कठीण. कारण प्रतिस्पर्ध्याची हालचाल मल्लाच्या हालचालीत मिसळलेली असते. पूल या टेबलावरील खेळात मात्र पांढरा चेंडू स्थिर असतो, खेळाडू आपल्या सवडीने क्यू चालवितो आणि फटक्याचे फळ तत्क्षणी दिसते. सल्ल्याचे कार्य तपासावयास हा खेळ म्हणूनच सोयीचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. कृतीचे फळ काय झाले याची माहिती म्हणजे फलज्ञान. कृती कशी घडली याची माहिती म्हणजे क्रियाज्ञान. पूलमध्ये फलज्ञान खेळाडूस आपोआप मिळते. चेंडू पॉकेटच्या डाव्या कडेस लागून परतला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु तो तसा का परतला, हे त्याला दिसत नाही. नेम चुकला असेल, फटक्याच्या क्षणी डोके उचलले गेले असेल, किंवा मूठ आवळल्याने क्यू तिरपी गेली असेल. स्वतःचे कोपर पाहत कोणालाही फटका मारता येत नाही. मार्गदर्शकाची गरज निर्माण होते ती येथे.

याहून फसवी गोष्ट अशी की, दोन चुका कधीकधी परस्परांस झाकतात. नेम थोडा एका बाजूस चुकलेला असतो, आणि नकळत चेंडूला बाजूची फिरकी लागून तो बरोबर पॉकेटमध्ये जातो. खेळाडू संतुष्ट होतो व तीच जोडचूक मुरते. अशा वेळी सल्ला चुकलेल्या फटक्यानंतर नव्हे, तर साधलेल्या फटक्यानंतर द्यावा लागतो. तो ऐकून घेणे खेळाडूस जड जाते, हेही खरे.

मग प्रत्येक फटक्यानंतर बोलावे काय? सामान्य समजूत तशीच आहे. प्रयोगांनी तिला धक्का दिला. सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी 1984 मध्ये पूर्वीच्या संशोधनाची छाननी करून दाखविले की, वारंवार दिलेले प्रत्याभरण सरावाच्या वेळी कामगिरी उंचावते, पण शिकणारा त्यावर विसंबू लागतो. 1990 मध्ये विन्स्टीन व श्मिट यांना आढळले की, निम्म्याच प्रयत्नांनंतर माहिती मिळालेले लोक पुढील चाचणीत सरस ठरतात. त्याच वर्षी स्विनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विलंबाचे महत्त्व पुढे आणले : कृती संपताक्षणीच फळ सांगितले, तर स्वतःची चूक ओळखण्याची शक्ती नीट वाढत नाही. म्हणजे फटक्यानंतरचे क्षणभराचे मौन हा वेळेचा अपव्यय नव्हे. त्या क्षणी खेळाडू आपल्या हाताला काय जाणवले याचा अंदाज घेतो. ‘‘क्यू कोठे गेली असे वाटले?’’ हा प्रश्न आधी यावा, उत्तर मागाहून. सामन्यात टेबलाशी खेळाडू एकटाच असतो. तेथे त्याच्याजवळ हा अंदाजच उरतो.

सल्ल्याच्या शब्दयोजनेचाही परिणाम होतो. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्कीच्या सरावयंत्रावर प्रयोग केला. ज्यांना पायांकडे अवधान देण्यास सांगितले, त्यांच्यापेक्षा पायांखालील यंत्राच्या चाकांकडे अवधान देणारे अधिक चांगले शिकले. हेच तत्त्व पूलला लावले तर ‘कोपर हलवू नका’ यापेक्षा ‘क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूपलीकडे सरळ जाऊ द्या’ ही सूचना बरी. पहिलीत शरीराची देखरेख आहे, दुसरीत कृतीचे साध्य.

तालमीच्या भाषेत ही सोय फार पूर्वीपासून आहे. ‘ढाक’, ‘कलाजंग’, ‘घिस्सा’ या एकेका शब्दात हात, पाय, कंबर यांची सारी जुळणी सामावलेली असते. वस्तादाने ‘ढाक!’ म्हटले की मल्लाला अवयवांचा हिशेब करीत बसावे लागत नाही. पूलसाठी मराठीत अशी नावे अद्याप घडलेली नाहीत, आणि त्यामुळे मार्गदर्शकाला लांबलचक वर्णन करावे लागते.

सल्ला मुरला की नाही, हे परिस्थिती बदलल्यावरच कळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले; तेथे ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. या चार वर्षांचे श्रेय कोणा एकाच्या सूचनेस देणे योग्य होणार नाही. परंतु केवळ मातीवरच लागू पडणारी सूचना गादीवर उपयोगी पडली नसती, एवढे उघड आहे. ओळखीच्या टेबलावर शिकून परक्या टेबलावर खेळणाऱ्याचीही हीच कसोटी असते.

मितभाषी मार्गदर्शनाचा हा नियम सरसकट लावता येत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे. वुल्फ व शे यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, साध्या प्रायोगिक कृतींवरून काढलेले निष्कर्ष गुंतागुंतीच्या कौशल्यांना तसेच्या तसे लागू पडत नाहीत. ज्याला क्यू कशी धरावी हेच ठाऊक नाही, त्याला मौनातून काहीच उमगत नाही. त्याचा हात धरून टेबलावर ठेवावा लागतो, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नव्या पोराला वस्तादही हौद्याच्या काठावरून शिकवीत नाही. तो स्वतः मातीत उतरतो.